कॅमेरा न लावता घराची दिनचर्या ओळखा: टॅग, रीडर आणि सेन्सरची मांडणी, पायरीपायरीने

मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला, आणि इकडे इंदूरला लोकमान्य नगरात, सुदामा नगरात, रामबागेत सत्तरी ओलांडलेले आईवडील, नाहीतर एकटीच राहणारी आत्या. काळजी वाटते हे उघड आहे. मग कुणीतरी सुचवतं, "कॅमेरा लावून टाका ना!" कॅमेरा लागतो. घरातलं माणूस स्वतःच्याच स्वयंपाकघरात अवघडून वावरायला लागतं, आणि तिकडे मुलगा थोड्याच दिवसांत मोबाइलवर ते चित्र उघडून बघायचं सोडून देतो. चोवीस तासांचं चित्रण बघत बसायला वेळ कुणाकडे आहे?

विचारायचं असतं ते फार थोडं. उठली का? गोळी घेतली का? जेवली का? याची उत्तरं माणसाकडे न बघता मिळतात, कारण कुठलंही काम करताना माणूस ठरावीक वस्तूंना हात लावतो. चहाचा डबा उचलला गेला, फ्रिज उघडला, ओट्याशी कुणीतरी वावरलं, आणि हे सगळं पाच-दहा मिनिटांत झालं, तर चहा झाला.

कल्पना जुनी आहे. २००४ च्या सुमारास इंटेलच्या सिअॅटलमधल्या संशोधकांनी घरातल्या वस्तूंवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींवरून आपला क्रमांक सांगणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या) चिकटवले, हातमोज्यात ते वाचणारा छोटा रीडर बसवला आणि हात कशाकशाला लागला यावरून काम कोणतं चाललंय ते ओळखून दाखवलं. पुढे तोच रीडर मनगटावरच्या कड्यात आला. आपल्याला कडं नको. आत्या हातात पाटल्या-बांगड्या घालते तेवढं पुरे, त्यात बॅटरीचं आणखी एक कडं ती दोन दिवसांत काढून ठेवेल. म्हणून खालच्या मांडणीत रीडर फळीखाली बसतो आणि माणूस मोकळा राहतो.

तयारी एवढीच लागते: सोल्डरिंगचा थोडा हात, घरात वायफाय, आणि कायम चालू ठेवता येईल असा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) किंवा अडगळीत पडलेला जुना लॅपटॉप.

पायरी १: आधी बोलणं, मग वस्तूंची निवड

ज्याच्या घरात हे बसवायचं त्याला आधी सगळं सांगा. चोरून बसवू नका. सांगितल्यावरच खरी माहितीही मिळते.

"आत्या, सकाळी उठल्यावर पहिला हात कशाला लावतेस?"
"कशाला म्हणजे? चष्म्याला."
"आणि मग?"
"मग दार उघडते. कचऱ्याची गाडी येते ना, गाणं ऐकू आलं की डबे घेऊन खाली जायचं. चहा नंतर."

या दोन उत्तरांत निम्मं काम झालं. चष्म्याला टॅग चिकटत नाही, तो बाद. कचऱ्याची गाडी मात्र इंदूरकरांना मिळालेली देणगी आहे. ठरलेल्या वेळेच्या आसपास रोज दार उघडणारच, त्यामुळे दाराला लावलेला एक साधा सेन्सर सकाळचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार ठरतो.

वस्तू निवडताना मी तीन गोष्टी बघतो. ती उचलल्याशिवाय काम होतच नाही ना, काम झाल्यावर ती त्याच जागी परत जाते ना, आणि ती रोज लागते ना. चहाचा डबा, औषधांची प्लास्टिकची डबी, देवासमोरच्या पाटावरची पोथी, या तीन कसोट्यांना उतरतात. टीव्हीचा रिमोट कुठेही लोळत असतो, तो नको. पाच-सहापेक्षा जास्त वस्तू घेऊ नका. वस्तू वाढल्या की माहिती वाढत नाही, दुरुस्तीच वाढते.

पायरी २: टॅग कोणत्या जातीचा

बाजारात टॅगच्या मुख्य तीन जाती आहेत. १२५ किलोहर्ट्झचा टॅग सोसायटीच्या गेटवरच्या जाड कार्डात असतो. तो बहुधा फक्त स्वतःचा क्रमांक सांगतो. १३.५६ मेगाहर्ट्झचा टॅग मोबाइलच्या एनएफसीलाही (जवळ धरून वाचायच्या सोयीला) वाचता येतो. तो पातळ स्टिकरच्या रूपात मिळतो आणि काही सेंटिमीटरवरून वाचला जातो. तिसरा यूएचएफ (बऱ्याच जास्त कंपनसंख्येचा), म्हणजे गाडीच्या काचेवरचा फास्टॅग ज्या जातीचा आहे तो. देवासकडे जाताना नाक्यावर गाडी पुरती थांबायच्या आत वाचला जातो, त्यावरून त्याची पोच लक्षात येईल.

कुठल्याच जातीच्या साध्या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतूनच त्याला जगण्यापुरती वीज मिळते. परावर्तित लहरींवरून निरोप धाडण्याचा हा विचार हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली मांडला होता.

घरासाठी १३.५६ मेगाहर्ट्झच घ्या. कमी पोच हा इथे गुणच आहे. डबा जागेवर आहे की नाही एवढंच विचारायचं असताना तीन मीटरवरचा टॅग वाचला गेला तर गोंधळच होईल. याच जातीतले एनटॅग२१३ चे स्टिकर किंवा मायफेअरची कार्डं दोन्ही चालतात. कार्डातला अँटेना मोठा असल्याने ते स्टिकरपेक्षा जरा लांबून वाचलं जातं.

यूएचएफचा मोह इंजिनियरिंगच्या मुलांना फार होतो. प्रोजेक्टसाठी जरूर करा, त्यात एक गंमतही आहे. शरीरातलं पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे टॅगवर हात आला की त्याचं वाचन मंदावतं किंवा थांबतं. हाच अडथळा हात लागल्याची खूण म्हणून वापरता येतो. पण रीडर महाग, भिंतींवरून लहरी उसळतात, आणि आयात केलेला रीडर कधीकधी अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लावलेला येतो. त्यातला काही भाग आपल्याकडे मोबाइल सेवेचा आहे. भारतात परवान्याशिवाय वापरायला ८६५ ते ८६८ चा पट्टा मोकळा आहे, तेव्हा रीडर चालू करण्याआधी देशाची सेटिंग बदला. वॉशिंग्टन विद्यापीठाशी जोडलेल्या विस्प नावाच्या प्रकल्पात तर टॅगमध्येच हालचाल मोजणारा सेन्सर बसवला होता आणि तोही रीडरच्या विजेवर चालायचा. वाचायला सुंदर, दुकानात मात्र मिळत नाही.

पायरी ३: रीडर बसवणं

सगळी मेहनत इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

आरसी५२२ नावाचा रीडर बोर्ड शे-दोनशे रुपयांत मिळतो. सोबत ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड. आरसी५२२ ला ३.३ व्होल्टच द्यायचे; पाच व्होल्टला जोडला तर तो जातो. जोडणी अशी, आधी रीडरची पिन, मग ईएसपी३२ ची: एससीके १८ नंबरला, एमआयएसओ १९ ला, एमओएसआय २३ ला, बोर्डवर एसडीए लिहिलेली पिन ५ ला, रीसेट कुठल्याही मोकळ्या पिनला. तारा वीतभरच ठेवा. लांब तारांवर हा संवाद तुटतो आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. एका ईएसपी३२ वर दोन रीडर चालतात, एसडीएची तार तेवढी प्रत्येकाची वेगळी. पण दोन रीडर अगदी शेजारी बसवू नका, एकमेकांच्या क्षेत्रात घुसतात.

बसवण्याआधी पोच मोजा. रीडर टेबलावर उताणा ठेवा, वर एकेक वही रचत जा आणि प्रत्येक वेळी टॅग सर्वांत वरच्या वहीवर ठेवून बघा. जिथे वाचन थांबेल त्या उंचीच्या दोन तृतीयांश एवढीच फळीची जाडी गृहीत धरा. पातळ प्लायमधून काम होतं. जाड फळीला खालून खोबण करावी लागते. ओट्याच्या ग्रॅनाइटखाली बसवायचा विचार सोडा. दगड लहरी अडवत नाही, पण त्याची जाडीच सगळी पोच खाऊन टाकते.

आता स्टीलचा डबा. आपल्या घरांत चहा-साखर स्टीलच्या डब्यातच असणार, आणि टॅगला धातू चालत नाही. रीडरच्या क्षेत्रामुळे धातूच्या पत्र्यात प्रवाह फिरू लागतात आणि ते त्या क्षेत्रालाच मारतात. "डबा बदल" असं आत्याला सांगून बघू नका. तो तिच्या लग्नातला असतो, वर नावही कोरलेलं असतं. त्याऐवजी जुन्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण घ्या, साधारण सेंटिमीटरभर उंचीचं. ते पालथं करून डब्याच्या बुडाला दुहेरी टेपने चिकटवा आणि झाकणाच्या खालच्या बाजूला, बरोबर मध्यभागी टॅग लावा. मध्येच का, तर डबा कसाही फिरवून ठेवला तरी टॅग रीडरच्या वरच यावा. मधलं अंतर कमी पडलं तर फेराइटचा थर असलेले, धातूवर लावायचे म्हणून विकले जाणारे टॅग मागवा. फळीवर डब्याच्या आकाराची लाकडी पट्टीची चौकट ठोकली की डबा दर वेळी नेमका तिथेच बसतो. एवढं करूनही जमलं नाही, तर टॅगचा हट्ट सोडा आणि डब्याखाली एक दाबाचा छोटा स्विच बसवा. काम तेच होतं.

औषधाची डबी आणि पोथी सोपी आहेत. पोथीच्या पुठ्ठ्याला आतून स्टिकर, पाटाखाली रीडर. पाटाला पितळी पत्रा मढवलेला नसावा एवढं बघा.

रीडरला प्लास्टिकच्या डबीत बंद करा, नाहीतर फोडणीची वाफ आणि तेल त्यावर बसतं. अडॅप्टर आणि तारा महाराणी रोडला मिळतील, टॅग ऑनलाइन स्वस्त पडतात.

पायरी ४: टॅगला जोड देणारे सेन्सर

टॅग वस्तूचं सांगतो, माणूस खोलीत आहे का ते सांगत नाही. म्हणून खोलीला पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा. एचसी-एसआर५०१ सगळीकडे मिळतो, साधारण सात मीटरपर्यंत बघतो आणि त्याचा निकाल ३.३ व्होल्टचा असल्याने ईएसपी३२ ला थेट जोडता येतो. चालू केल्यावर मिनिटभर तो स्थिर होऊ द्या. त्यावरच्या दोन फिरक्यांपैकी एक पोच ठरवते, दुसरी किती वेळ 'चालू' राहायचं ते. वेळेची फिरकी पूर्ण कमी ठेवा, वेळेचा हिशोब आपण प्रोग्राममध्ये करू. माणूस सेन्सरच्या दिशेने चालत आला तर त्याला उशिरा कळतं, समोरून आडवा गेला तर लगेच. म्हणून दाराच्या बाजूच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीपेक्षा जरा वर, आणि ईएसपी३२ च्या अँटेनापासून हातभर लांब लावा. रेडिओच्या सान्निध्यात तो उगाच दचकतो.

उन्हाळ्यात एक अडचण येते. पीआयआर माणूस बघत नाही, अंगाच्या आणि भिंतीच्या उष्णतेतला फरक बघतो. कातडीचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास, आणि मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरची खोलीही तेवढीच तापलेली. फरकच उरत नाही, सेन्सर आंधळा होतो. मे महिन्यातल्या दुपारच्या शांततेवरून कुणालाही फोन करू नका.

त्यावर उपाय म्हणजे २४ गिगाहर्ट्झच्या रडारचा एलडी२४१०. तो छातीच्या श्वासाची हालचालही टिपतो, त्यामुळे पेपर वाचत बसलेलं माणूस त्याला दिसतं. पण पंखाही दिसतो, कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदाही दिसतो, आणि पातळ प्लायच्या पलीकडचा शेजारचा माणूसही. त्याची पोच पाऊण-पाऊण मीटरच्या टप्प्यांत विभागलेली असते. ज्या टप्प्यात पंखा येतो त्याची संवेदनशीलता कमी करून टाका. सरळ छताकडे तोंड करून बसवू नका.

दार आणि फ्रिजला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच) आणि लोहचुंबक. स्वस्त, बिनचूक, यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मला विचाराल तर एकच गोष्ट परवडत असेल तर हीच घ्या.

पायरी ५: नोंदी

ईएसपी३२ वर प्रोग्राम लिहायचा नसेल तर ईएसपीहोम हे तयार सॉफ्टवेअर वापरा. आरसी५२२, पीआयआर आणि एलडी२४१० तिन्ही त्यात तयार आहेत. प्रत्येक टॅगचा क्रमांक देऊन त्याला 'चहाचा डबा' असं नाव देता येतं. घरच्या रास्पबेरी पायवर होम असिस्टंट, म्हणजे सगळ्या सेन्सरच्या नोंदी एकत्र करून नियम चालवणारं सॉफ्टवेअर. सगळं घरातल्या घरात राहतं, बाहेरच्या सर्व्हरवर काही जात नाही.

एक नियम सुरुवातीलाच घाला. रीडर मधूनच एखादं वाचन चुकवतो, म्हणून टॅग सलग तीन सेकंद दिसला नाही तरच 'उचलला' म्हणायचं. आणि डबा तासाभरात परत आला नाही, तर तो बहुतेक घासायला गेलाय. तोवर त्याची साक्ष धरायची नाही.

इंदूरमध्ये लाइट जाते, राउटर बंद होतो, आणि सगळे सेन्सर गप्प होतात. सेन्सर गप्प असणं आणि माणूस गप्प असणं यात गल्लत झाली तर सगळी मांडणी निरुपयोगी. म्हणून प्रत्येक ईएसपी३२ ने दर मिनिटाला 'मी आहे' एवढं कळवायचं. ते आलं नाही तर यंत्र बंद आहे, माणसाबद्दल निष्कर्ष काढायचा नाही. राउटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

पायरी ६: नोंदींवरून कामाचा अंदाज

पहिले दोन-तीन आठवडे फक्त नोंदी गोळा करा, इशारा एकही नको. रोज संध्याकाळी फोनवर सहज विचारा, "आज चहा किती वाजता घेतलास?" आणि उत्तर नोंदींशी ताडून बघा.

मग साधी गुणांची पद्धत लावा. चहासाठी: डबा उचलला, ४ गुण, फ्रिज उघडला, २, ओट्याशी हालचाल, १. पंधरा मिनिटांत बेरीज ५ झाली की चहा. क्रम बघू नका, दूध आधी काढलं की डबा आधी घेतला याने काही बिघडत नाही. एखादा सेन्सर बंद पडला तरी उरलेल्यांवरून काम निघू शकतं, हा या पद्धतीचा फायदा. पण वरच्या हिशोबात डबाच गेला तर फ्रिज आणि ओटा मिळून तीनच गुण होतात, चहा कधीच होणार नाही. अशा वेळी पाच गुणांची अटही खाली आणावी लागते, हे प्रोग्राममध्ये आधीच लिहून ठेवा. पुढे जायचं असेल तर हिडन मार्कोव्ह मॉडेलसारख्या पद्धती आहेत. एका कामानंतर दुसरं काम येण्याची शक्यता त्या नोंदींवरूनच शिकतात. पण त्यांना भरपूर आणि खऱ्या उत्तरांशी ताडलेल्या नोंदी लागतात, आणि चुकल्या तर का चुकल्या ते सहज सांगता येत नाही. घरासाठी गुणच बरे.

दिनचर्या रोज एकसारखी नसते, हे नियमात आधीच धरा. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून मोटर, बादल्या, ये-जा, आणि चहा मागे पडतो. संकष्टीला रात्रीचं जेवण चंद्रोदयानंतर. एकादशीला तांदळाचा डबा हलणार नाही, साबुदाण्याचा हलेल. कॅलेंडरमधून या तिथी होम असिस्टंटला देता येतात आणि त्या दिवसांची वेळमर्यादा सैल करता येते. पाहुणे आले की सगळंच बदलतं. टॅग हात कुणाचा ते सांगत नाही. भाचीने चहा केला तरी चहा झाला अशीच नोंद होणार. म्हणून दाराजवळ एक 'पाहुणे आहेत' असं बटण ठेवा.

पायरी ७: इशारा कुणाला आणि कधी

नेहमीच्या सर्वांत उशिराच्या वेळेत आणखी तासभर मिळवा. तेवढ्यात दारही नाही, चहाही नाही, हालचालही नाही, तर पहिला आवाज घरातच द्या: छोटी घंटी वाजू दे आणि आत्याने बटण दाबलं की विषय संपला. दहा मिनिटांत बटण दाबलं नाही तर शेजारच्या काकूंना संदेश. त्यानंतर मुलाला. पुण्यात बसलेल्या मुलाला आधी कळवून तो काय करणार? तोही काकूंनाच फोन लावणार.

एक स्पष्ट सांगायला हवं. या मांडणीतून गोळीची डबी उचलल्याचं कळतं, गोळी पोटात गेल्याचं नाही. पडण्याचा अपघातही ती लगेच ओळखत नाही, उशिराने संशय घेते. हृदयविकार किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर गळ्यात घालायचं संकटाचं बटण वेगळं घ्याच.

पायरी ८: खासगीपण

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या घरगुती वापराला लागू नाही. पण हीच मांडणी वृद्धाश्रमात किंवा कामावरच्या बाईंवर लक्ष ठेवायला वापरलीत तर गोष्ट वेगळी होते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते मला पटत नाही. नोंदी महिनाभराने आपोआप पुसल्या जाऊ द्या. न्हाणीघरात काहीच नको. सगळं बंद करणारा एक स्विच आत्याच्या हाती असू द्या आणि तो दाबला तर कारण विचारू नका. शिवाय टॅगचा क्रमांक सहज नकलता येतो, त्यामुळे याच टॅगवर दाराचं कुलूप उघडायची हौस करू नका.

देखभाल

दाराचा सेन्सर बॅटरीवरचा असेल तर ती होम असिस्टंटमध्ये दर महिन्याला बघा. मोठा प्रश्न दिवाळीच्या साफसफाईचा. सगळे डबे घासले जातात, झाकणं सुटतात, टॅग गरम पाण्यात जातात आणि परत चिकटवताना साखरेचा टॅग चहाला लागतो. प्रत्येक टॅगवर पारदर्शक टेप लावा, त्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे डब्याच्या बुडावर मार्करने लिहा आणि तेच एका वहीत वस्तूच्या नावासमोर उतरवा. वही औषधाच्या डबीशेजारी ठेवा. तुम्ही नसताना दुरुस्तीला जो मुलगा येईल त्याच्याकडे तुमच्या लॅपटॉपमधली फाइल नसते.